पायाखालीं खचणारें पेडल

गाडी चालत नसेल तर माणूस फार तर घरीं राहतो. पण गाडी थांबत नसेल तर तो कोठें जाऊन पोहोंचेल, हें सांगतां येत नाहीं. म्हणून मोटारीच्या सर्व अवयवांत ब्रेकचा मान मी नेहमींच पहिला समजत आलों आहें. आज ब्रेकच्या एकाच दुखण्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. दुखणें साधें आहे, परंतु तें लपून राहणारें आहे; आणि जुनी जीप किंवा तशीच डोंगरवाटांची दुसरी एखादी जुनी गाडी ज्यांच्या दारांत उभी आहे, त्यांना तें कधीं ना कधीं भेटल्यावांचून राहत नाहीं.

प्रथम एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळा सरतांना आम्ही मुलांबाळांसह महाबळेश्वराहून पोलादपुराकडे आंबेनळी घाटानें उतरत होतों. एका वळणावर पुढें मालमोटार अडली होती, म्हणून तिच्या मागें उतारावरच थांबलों. माझा पाय ब्रेकवर हलकासा ठेवलेला होता. थोड्या वेळानें ध्यानांत आलें कीं, पायाखालचें पेडल हळूहळू खालीं चाललें आहे. धक्का नाहीं, आवाज नाहीं. ओल्या मातींत काठी रुतत जावी तसा पाय रुतत होता. पेडल तळाला टेकलें आणि गाडी पुढें सरकूं लागली. मीं पाय उचलून पुन्हां जोरानें मारला, तों पेडल वरच्यावर घट्ट! गाडी जागच्या जागीं उभी राहिली. तरी हात-ब्रेक ओढला, पहिला गिअर घातला, आणि खालीं पोहोंचेपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरपलीकडे गेलों नाहीं.

घरीं आल्यावर गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानें पेडलवर दणकन पाय मारला आणि म्हणाला, "बघा साहेब, दगडासारखा ब्रेक आहे!" तरी माझ्या समाधानासाठीं त्यानें नळ्यांतील हवा काढून दिली. पंधरा दिवसांनीं तीच कथा. पुन्हां हवा काढली. तिसऱ्या वेळीं त्यानें चारी चाकांचे ब्रेक-शू जुळवून दिले. दुखणें होतें तेथेंच राहिलें. मिस्त्री खोटें बोलत नव्हता. त्याच्या पायाखालीं ब्रेक खरोखरच दगडासारखा लागत होता. चूक होती ती परीक्षेंत. जो रोग हलक्या दाबाखालीं प्रकट होतो, तो दणका मारून कसा सांपडावा?

म्हणून पहिली गोष्ट अशी कीं, तक्रारीला नेमकें नांव द्यावें. "ब्रेक नीट लागत नाहीं" हें वर्णन डॉक्टरला "बरें वाटत नाहीं" म्हणून सांगण्यासारखें आहे. पेडलचीं दुखणीं मुख्यत्वें तीन प्रकारचीं असतात. एक, पेडल पहिल्यानें फार खालीं जातें, पण दोनतीनदां मारल्यावर वर येतें व तेथें टिकतें. याचा अर्थ बहुधा शूचे लायनर झिजले आहेत आणि शू व ड्रम यांतील अंतर वाढलें आहे. दुसरें, पेडल दाबतांना स्पंजासारखें मऊ लागतें. तेथें नळ्यांत हवा शिरली आहे, किंवा जुने रबरी होज-पाइप दाबाखालीं फुगत आहेत, असें समजावें. तिसरें, पेडल योग्य उंचीवर घट्ट लागतें, पण पाय तसाच दाबून ठेवला असतां तें हळूहळू खचत जातें. आजचा आपला विषय हा तिसरा प्रकार होय. पाण्यांतून गाडी नेल्यावर ब्रेक लागत नाहींत तें चौथें प्रकरण. तेथें पेडल घट्टच असतें, केवळ ओल्या लायनरची पकड जाते, व थोडें अंतर ब्रेक हलका दाबून चालविल्यास ती परत येते.

आतां पेडल कां खचतें हें समजण्यासाठीं आंतील रचना थोडी पाहिली पाहिजे. बंदिस्त द्रवावर एका जागीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखा पोहोंचतो, हा सिद्धांत पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत मांडला. त्यावर मोटारीचा ब्रेक उभारण्याची कल्पना अमेरिकेंतील मालकम लॉकहीड यानें पुढें आणली. १९२१ सालीं ड्यूसेनबर्ग गाडींत व १९२४ सालीं क्रायस्लर गाडींत असे ब्रेक चारी चाकांना आले. दुसऱ्या महायुद्धांतील जीपलाही हीच रचना होती, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईंत ज्या जीपगाड्यांची जुळणी होऊं लागली त्यांच्यांतही हीच होती.

चालकाच्या पायाखालच्या पत्र्याच्या खालीं, गाडीच्या सांगाड्याला एक ओतीव सिलिंडर बसविलेला असतो. मिस्त्री त्याला नुसतें 'मास्टर' म्हणतात. त्याच्या वर द्रवाची लहानशी टाकी असते व आंत एक दट्ट्या. दट्ट्याच्या तोंडाशीं रबराची एक वाटी असते. पेडल दाबलें कीं दट्ट्या पुढें सरकतो, वाटी टाकीकडील बारीक छिद्र ओलांडून जाते, आणि पुढें कोंडलेला द्रव नळ्यांतून चाकांकडे ढकलला जातो. तेथील लहान सिलिंडर शूंना ड्रमवर दाबतात. समजा, आपण पायानें २० किलोचा भार दिला, आणि पेडलच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर दट्ट्यावर १०० किलो पडतात. दट्ट्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब होतो. आणि हा दट्ट्या ३ सेंटिमीटर सरकला तरी पुढें गेलेला द्रव केवळ १५ घनसेंटिमीटर, म्हणजे स्वयंपाकघरांतील चहाचे तीन चमचे! एवढ्याशा द्रवावर भरलेली गाडी घाटांत थांबते. त्यांतला एक चमचा जरी भलतीकडे गेला, तरी पेडल किती खालीं जाईल याची कल्पना यावरून करतां येईल.

तेव्हां खचणाऱ्या पेडलचा अर्थ एकच: कोंडलेला द्रव कोठून तरी निसटत आहे. निसटण्याच्या वाटा मात्र दोन आहेत. एक तर तो गाडीच्या बाहेर जात असेल, किंवा मास्टरमधील वाटीच्या कडेवरून मागें फिरून आपल्याच टाकींत परत येत असेल. पहिली गळती डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाहीं, कारण त्यांत एक थेंबही कमी होत नाहीं. माझ्या गाडीचें दुखणें हें दुसरें होतें.

ही दुसरी वाट दणका मारल्यावर बंद कां होते? सायकलचा जुना पंप ज्यांनीं वापरला आहे, त्यांना हें लगेच समजेल. पंपाचें चामडी वायसर झिजलें कीं, दांडा सावकाश दाबल्यास वारा बाजूनें निसटून जातो. पण झटक्यानें दाबल्यास वायसराची कड फुलून नळीला चिकटते व पंप चालतो. मास्टरमधील वाटीचें तसेंच आहे. मोठ्या दाबाखालीं तिची कड भिंतीवर घट्ट बसते. हलक्या दाबाखालीं झिजलेली कड सैल राहते आणि द्रव मागें झिरपतो. म्हणून वेगानें जातांना ब्रेक लागतो, आणि उतारावर किंवा चौकांत पाय टेकून उभें राहिलें असतां दगा देतो.

आतां परीक्षेचा क्रम सांगतों. गाडी सपाट जागीं उभी करावी, चाकांना दगड लावावे, इंजिन बंद ठेवावें. पहिली परीक्षा टाकीची. जुन्या जीपला पायाखालच्या पत्र्यांत एक लहान झांकण असतें. तें काढल्यावर टाकीचें बूच दिसतें. उघडण्यापूर्वीं भोंवतालचा चिखल व धूळ फडक्यानें नीट पुसावी, कारण आंत पडलेला वाळूचा एक कण वाटीला पुरेसा आहे. द्रवाची पातळी पाहून खूण लक्षांत ठेवावी, आणि चारआठ दिवस रोज पाहावी. पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे, ती शोधलीच पाहिजे. चाकांच्या आंतल्या बाजूस, विशेषतः ड्रममागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला, ओल आहे का? चाकांकडे जाणारे होज-पाइप भेगाळले आहेत का? सांगाड्यावरून गेलेल्या पोलादी नळ्या गंजून कोठें घासल्या आहेत का? डोंगरवाटांवर उडणारे दगड आणि साचणारा चिखल यांमुळें या नळ्या वरून धड दिसतात व पकडीच्या पट्ट्यांखालीं कुजलेल्या असतात. मास्टरच्या मागच्या टोंकाला असलेली रबरी टोपी ओली आहे का, हेंही पाहावें. ती ओली असल्यास दट्ट्याची मागची वाटी गेली, असें समजावें.

ज्या गाड्यांना व्हॅक्यूमची मदत देणारा बूस्टर आहे, तेथें एक फसवी जागा आहे. मास्टरमधून मागें गळलेला द्रव बूस्टरच्या पोटांत साठतो व जमिनीवर एक थेंब पडत नाहीं. कधीं तो इंजिनांत ओढला जाऊन एग्झॉस्टमधून पांढरा धूर येतो. पातळी उतरते पण गळती दिसत नाहीं, अशा वेळीं मास्टर सोडवून त्याची मागची बाजू पाहावी. याच गाड्यांविषयीं आणखी एक सूचना: पायानें पेडल दाबून धरलें असतां इंजिन सुरू केल्यास पेडल किंचित् खालीं जातें व थांबतें. तो रोग नव्हे. बूस्टर आपलें काम करूं लागल्याची ती खूण आहे.

दुसरी परीक्षा पायाची. बूस्टर असल्यास इंजिन बंद ठेवून पेडल चारपांच वेळां दाबावें, म्हणजे सांठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पेडलवर हलका, अगदीं हलका दाब देऊन घड्याळांतील एक मिनिट पाय तसाच ठेवावा. पेडल तसूभरही हलतां कामा नये. नंतर मोठा दाब देऊन पुन्हां एक मिनिट. हलक्या दाबाखालीं खचतें व मोठ्या दाबाखालीं टिकतें, आणि टाकींतील पातळी कमी होत नाहीं, असें आढळल्यास संशयाचें बोट मास्टरच्या वाटीकडे जातें. दोन्ही दाबांखालीं खचत असल्यास संशय उभय बाजूंस ठेवावा. ही परीक्षा चालू असतांना दुसऱ्या कोणी टाकींत पाहावें. पेडल दाबण्याच्या आरंभीं बारीक छिद्रांतून द्रवाची छोटी उसळी येते. ती स्वाभाविक आहे. मात्र पेडल खचत असतांना टाकींत द्रव वर येत राहिला, तर तो वाटीवरून मागें फिरत आहे, हें उघड झालें. पाहतांना तोंड टाकीपासून दूर ठेवावें. हा द्रव डोळ्यांत जाणें बरें नव्हे.

तिसरी परीक्षा निर्णायक आहे, व ती माहीतगार हातांनीं करावी. मास्टरमधून चाकांकडे जाणारी नळी सोडवून त्या तोंडांत त्याच आट्यांचें पितळी बूच बसवावें. बूच पूर्ण आवळण्यापूर्वीं पेडल सावकाश दाबून आंतील हवा घालवावी. आतां मास्टरचा चाकांशीं कांहीं संबंध उरला नाहीं. पेडल थोडेंसें खालीं जाऊन भिंतीसारखें घट्ट झालें व मिनिटभर तसेंच राहिलें, तर मास्टर निर्दोष आहे. चोर पुढें नळ्यांत किंवा चाकांत आहे. बूच बसवूनही पेडल खचत असेल, तर दुसरीकडे पाहण्याचें कारणच नाहीं. माझ्या गाडीला तीन वेळां हवा काढून जें कळलें नाहीं, तें या एका बुचानें दहा मिनिटांत कळलें. जो मिस्त्री हें बूच हातीं घेतो, त्याच्यावर विश्वास टाकावा.

कांहीं जण बुचाऐवजीं होज-पाइप चिमट्यानें दाबून एकेक चाक वेगळें करतात. रीति उपयोगी आहे. परंतु चिमट्याच्या कडा गुळगुळीत हव्यात, आणि जुना कडक झालेला पाइप असा दाबूंच नये. बाहेरून धड दिसणारा पाइप आंतून फाटतो आणि एक रोग काढतांना दुसरा जोडला जातो.

आतां कारण व उपाय. वाटी झिजते ती केवळ वयानें नव्हे. ब्रेकचा नेहमींचा द्रव हवेंतील ओल शोषून घेतो. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसांत ही क्रिया जोरांत चालते. त्या ओलीनें सिलिंडरची आंतली भिंत गंजते, तिच्यावर बारीक खांचा पडतात, आणि त्या खांचांवरून घासून वाटीची कड जाते. ओलीचा दुसरा अपाय उष्णतेचा. 'डॉट ३' जातीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं; ओल शोषल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' ची हीच मर्यादा २३० वरून १५५ वर येते. लांब घाटांत ड्रम तापले म्हणजे असा ओला द्रव उकळतो, वाफ होते, आणि पेडल एकदम तळाला जातें. म्हणून साधारण दोन वर्षांनीं द्रव बदलणें ही चैन नव्हे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते. रोजच्या वापरांत दट्ट्या सिलिंडरच्या थोड्याच भागांत फिरतो. पलीकडचा भाग वर्षानुवर्षें अस्पर्श राहून तेथें गंज व मळ बसतो. मग हवा काढतांना मदतनीस पेडल थेट तळापर्यंत दाबतो, आणि वाटी त्या खरबरीत भागावरून फरफटत जाते. कालपर्यंत ठीक असलेला मास्टर आज खचूं लागतो तो यामुळें. जुन्या गाडीची हवा काढतांना पेडलखालीं लांकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे तें तळाला जात नाहीं.

दुरुस्ती करतांना सिलिंडर उघडून, पुसून, उजेडांत पाहावा. भिंत आरशासारखी असेल तर नव्या वाट्या घालून काम भागेल. बोटाला खांच लागत असेल तर नुसतें किट बदलणें म्हणजे फुटक्या घागरीला नवें झांकण करणें होय. थोड्याच दिवसांत दुखणें परत येईल. तेथें नवा सिलिंडर घ्यावा, किंवा जाणत्या कारखान्यांत जुन्यांत धातूचें अस्तर बसवून घ्यावें. रबरी भाग पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिनच्या तेलानें कदापि धुऊं नयेत. खनिज तेलानें रबर फुगतें व सर्वच वाट्या निकामी होतात. शुद्ध स्पिरिट किंवा ब्रेकचाच ताजा द्रव वापरावा. लोक त्याला 'ब्रेक-ऑइल' म्हणतात, परंतु तें नेहमींच्या अर्थानें तेल नव्हेच. याच नांवामुळें कित्येकांनीं टाकींत भलतेंच तेल ओतलें आहे. जोडणी झाल्यावर पेडलला सुमारें अर्धा इंच मोकळी चाल ठेवावी. ती ठेवली नाहीं तर वाटी बारीक छिद्रावरच बसून राहते, दाब उतरत नाहीं आणि ब्रेक धरून राहतात.

आणि वाटेंत हें संकट आलें तर? पाय एकसारखा दाबून न धरतां पेडल भरभर मारावें. वाटी तेवढ्यापुरती धरते. गिअर उतरवीत इंजिनच्या ओढीनें वेग कमी करावा. इंजिन बंद करूं नये. हात-ब्रेक हळूहळू ओढावा. जुन्या जीपचा हात-ब्रेक चाकांवर नसून मागच्या फिरत्या दांड्यावर असतो, व पायाच्या ब्रेकच्या द्रवाशीं त्याचा संबंध नसतो. म्हणूनच तो नेहमीं नीट जुळवलेला असावा. जुन्या जीपच्या ब्रेकचें मंडल एकेरी आहे: एक वाटी गेली कीं चारी चाकें गेलीं. १९६० च्या दशकांत दुहेरी मंडल रूढ झालें आणि एका बाजूनें दगा दिला तरी दुसरी बाजू उरूं लागली. जुन्या गाडीच्या मालकाला ती उसंत नाहीं; त्याची दुसरी बाजू म्हणजे हात-ब्रेक आणि त्याची स्वतःची सावधगिरी.

आमच्या जीपचा मास्टर उघडला तेव्हां भिंतीवर नखानें लागेल अशी एक खांच निघाली. तिसऱ्या खेपेच्या सुमारास घरांत मीच म्हणूं लागलों होतों कीं, जुनी गाडी आहे, असें चालायचेंच. दोनदां पाय मारला कीं लागतो ब्रेक. आज त्या वाक्याची मला भीति वाटते. पेडल दुसऱ्यांदां मारण्याला अवधि मिळाला म्हणून त्या दिवशीं आम्ही सर्व घरीं परतलों. तो अवधि दर वेळीं मिळतोच असें नाहीं. तेव्हां श्रोतेहो, उद्यां सकाळीं गाडी बाहेर काढण्यापूर्वीं एवढेंच करा: पेडलवर पाय हलकेच ठेवा, आणि घड्याळाकडे पाहून एक मिनिट थांबा. पाय जागचा हलला नाहीं तर निश्चिंतपणें निघा. हलला, तर त्या दिवशीं घाटाचा बेत रहित करा.